हिमोग्लोबिन पाच पॉइंट एक

मी घोरत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. माझी आई घोरत नव्हती, आजी घोरत नव्हती. सासूबाई घोरायच्या, पण त्या पेणच्या. चौतीस वर्षं मी कर्जतमध्ये गणित शिकवलं, अर्ध्या गावाने माझ्या हातच्या पट्ट्या खाल्ल्या आहेत, आणि त्यातल्या एकाचीही ‘सरोजिनीबाई घोरतात’ असं म्हणायची छाती झाली नसती.

मला होता तो थकवा. तीन वर्षं. निवृत्त झाले त्याच वर्षी सुरू झाला, त्यामुळे ज्याला त्याला कारण आयतंच सापडलं. रात्री दहाला आडवी व्हायचे, सकाळी सहाला उठायचे, आणि उठायचे ती अशी, की जणू रात्रभर नववी ‘ड’वर तास घेतलेत. डोकं जड, तोंड कोरडं. पोहे खाताना डुलकी, पेपर वाचताना डुलकी. नणंदेच्या नातवाच्या मुंजीत मंगलाष्टकं चालू असताना डुलकी लागली, त्याचा व्हिडिओ अजून नातेवाइकांत फिरतोय.

नाना, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, “वय झालं.” स्वतः अडुसष्टाचे, पण वय झालं माझं! नानांनी भिवपुरीच्या वीज केंद्रात जन्म काढला आणि कान मात्र निवृत्तीनंतर घरी बसून घालवले. रात्री आठ वाजले की कानातलं यंत्र काढून डबीत ठेवतात आणि टीव्हीसमोरच्या दिवाणावर झोपतात. मग घरात दरोडा पडला तरी सकाळी पेपरातूनच कळायचा. मुलगा अजेय मोहोपाड्याला रसायनाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो म्हणाला, “आई, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग झालं.” सूनबाई आसावरी गोड बोलते. ती गोड आवाजात म्हणाली, “आई, तुम्ही एखादा छंद जोपासा. मन रमलं की शरीर आपोआप ठीक होतं.”

म्हणजे हे मनाचं. एवढं ऐकायला मी तीन वर्षं सुया टोचून घेत होते! बी-बाराची इंजेक्शनं झाली. गच्चीवर पाठ उन्हाला देऊन बसणं झालं. एका वैद्यांनी कडू काढा दिला, तो मी नाकाला फडकं लावून प्यायले. थायरॉइड तर इतक्या वेळा तपासला की त्यालाच कंटाळा आला असेल. अकरा रिपोर्ट आले, अकराही नॉर्मल. नापास होणाऱ्या पोराला पेपर कोरा का म्हणून विचारावं आणि त्याने ‘बाई, मी सगळं लिहिलं होतं’ म्हणून रडावं, तशी माझी गत झाली होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हेच खरं.

फक्त एका माणसाने वेगळं काही सांगितलं होतं. चिंधी, आमच्याकडे दहा वर्षं धुणीभांडी करते. कशेळ्याच्या वर डोंगरात तिची वाडी. पहाटे तासभर उतरून ती कशेळ्याला येते, तिथून जीपने कर्जत, आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं, चढणीचं. चाळिशीची, वाळल्या शेंगेसारखी अंगाने. दहा वर्षांत दांडी नाही. जाताना कधीमधी माझ्या जुन्या पेटीतले खडू मागून न्यायची, मुलीला, प्रियाला, अभ्यासाला म्हणून. पोर शिकते आहे याचं मला फार कौतुक. मी मूठमूठ द्यायची.

तर एका दुपारी माझा डोळा उघडला तेव्हा ही पलंगापाशी उभी.

“बाई, तुमी लई घोरता.”

“काय म्हणालीस?”

“घोरता, घोरता, आन एकदम बंद पडता. श्वासच नाय. मंग गचका बसतो आन परत चालू. मला वाटतं, गेल्या.”

“मी काय टेंपो आहे का गं, बंद पडायला?” मी कडाडले. “भांडी घास जा.”

पुन्हा एकदा म्हणाली, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. शहाणी आहे.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी जगदीश रक्त न्यायला आला. जगदीश गावातल्या एका लॅबमध्ये कामाला, माझाच विद्यार्थी, शेवटचा बाक. अजेयने मला न विचारता मोबाइलवरून ‘फुल बॉडी’ का काय ते बुक करून ठेवलं होतं. बारावी खेप. नाना दूध आणायला गेले होते.

जगदीशने उजव्या हातात सुई घातली, शीर सापडली नाही. डाव्या हातात घातली, तिथेही नाही. “सॉरी बाई” म्हणत पुन्हा उजवीकडे आला.  माझं डोकं फिरलं.

“जगदीश, यातून निघणार काय आहे?”

“सगळंच निघतं, बाई. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन...”

“नॉर्मल निघणार आहे! अकरा वेळा नॉर्मल निघालं, बाराव्यांदा तेच. मग माझंच रक्त कशाला हवं? कोणाचंही चालेल.”

चिंधी तिथेच उकिडवी बसून फरशी पुसत होती. तिच्या काटकुळ्या हातावरच्या शिरा लांबूनही मोजता आल्या असत्या.

“हिचं घे,” मी म्हटलं.

“बाई, असं नाही करता येत.”

“नववीत सहामाहीला शेजारच्याच्या पेपरातला सिद्धान्त उतरवलास, तेव्हा करता आलं?”

वीस वर्षं झाली, पण त्याची मान खाली गेली ती गेलीच.

“मला काय झालंय, बाई?” चिंधीने विचारलं.

“काही नाही. इथे बस आणि मूठ मिट.”

“मंग रगत कशापायी?”

“अजेयदादाच्या समाधानापायी.”

ती बसली. पहिल्याच टोचणीत रक्त आलं. जगदीशने नळीवर माझी चिठ्ठी चिकटवली: सरोजिनी, वय एकसष्ट, स्त्री. त्यातलं स्त्री तेवढं खरं होतं. चिंधीने कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने उरलेली फरशी पुसली. दहा वाजता अजेयचा फोन आला, “दिलंस ना रक्त?” मी म्हटलं, “दिलं.” दिलंच होतं की.

संध्याकाळी साडेसहाला पुन्हा त्याचाच फोन. आवाज वेगळा.

“आई, बसली आहेस ना? मग बसूनच राहा. तुझं हिमोग्लोबिन पाच पॉइंट एक आलंय. बाराच्या वर हवं असतं.”

अजेयचा आवाज कापत होता हो. दहावीच्या निकालाला कापला नव्हता. नानांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोनदा ‘काय?’ म्हणून विचारलं आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सरू,” ते म्हणाले, “मी तुला म्हातारपण म्हणालो गं.”

सरू! वीस वर्षांनी ते नाव ऐकलं. मग ते उठले आणि चहा करायला गेले. संसाराला अडतीस वर्षं झाल्यावर स्वयंपाकघरातून विचारणा आली, “साखर कुठल्या डब्यात असते?” आसावरीने फोनवर माफी मागितली, “आई, मी छंद जोपासा म्हणाले, मला माफ करा.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण तेवढ्यात चहा आला. भयंकर गोड चहा. नाना समोर बसून मला पिताना बघत होते, आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू! तीन वर्षांनी माझ्या दुखण्यावर कोणाचा तरी विश्वास बसला होता. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

चिंधीचा विचार आला का? आला. पण असा आला, की मशीनचीच चूक असणार. ती कुठे दमते? दहा वर्षं बघते आहे मी.

मंगळवारी आसावरी गाडी भरून आली. बीट, खजूर, डाळिंबं, गूळ-शेंगदाणे, अळिवाचे लाडू. मला पलंगावरून उतरू देईनात. मी खिडकीशी उशीला टेकून बसले आणि, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, चिंधीकडे बघत बसले. चक्क दहा वर्षांत पहिल्यांदा. नखं पांढरीफटक, मधे खोलगट. घोट्यांना सूज. धुण्याची बादली घेऊन गच्चीचा जिना चढताना ती मध्यावर थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. ती नेहमीच तिथे थांबायची. आणि मी नेहमीच खालून ओरडायचे, “चिंधी, झोपलीस काय गं?”

त्या दिवशी नाही ओरडले. आसावरी अंघोळीला गेल्यावर तिला बोलावून घेतलं आणि दोन लाडू समोर ठेवले.

“खा. माझ्यासमोर खा.”

“कशापायी?”

“खा म्हटलं ना! आणि हे बीट घरी घेऊन जा. खजूरपण ने.” मला वाटलं, लोह आहे ते योग्य पत्त्यावर पोचवावं, म्हणजे खोटंही बोलायला नको आणि खरंही. “आणि हे बघ, धुणं राहू दे. उद्या येऊ नकोस, परवाही नको. चार दिवस घरी आराम कर.”

चिंधीचा चेहरा पडला. “माझं काय चुकलं, बाई?”

“काही चुकलं नाही गं.”

“दुसरी बाई बगितली काय?”

“नाही म्हटलं ना. आराम कर.”

दहा वर्षांत मी तिला आराम कर म्हटलेलं नव्हतं. ती तरी काय समजणार? बीटाची पिशवी उचलून ती दारात थांबली, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, “पिरियासाठी खडू द्या थोडे. परत येनं होतंय न होतंय.” मी अख्खी पेटीच दिली. आपण किती उदार झालो म्हणून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बुधवारी अकराला डॉक्टर संध्यांकडे नेलं. त्या गावात नव्या आल्या होत्या, म्हणजे माझ्या विद्यार्थिनी नव्हत्या, त्यामुळे मला घाबरायचं त्यांना काही कारण नव्हतं. अजेयने त्यांच्या छोट्या हॉस्पिटलात माझ्यासाठी खाट धरून ठेवली होती, दोन पिशव्या रक्ताची सोय केली होती. नाना कानात यंत्र घालून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मग मला बघितलं. मग माझी खालची पापणी ओढून आत बघितलं आणि हात हातात घेऊन नखं बघितली.

“जिना चढून आलात?”

“हो.”

“धाप लागली?”

“नाही. झोप आली.”

“पाच हिमोग्लोबिन असलेल्या माणसाला मी जिना चढू देत नाही,” त्या म्हणाल्या. “रक्तच नसतं, म्हणून हृदय दुप्पट धावत असतं. असं माणूस ओझं घेऊन चढण चढलं, तर ते हृदय कधीही थांबेल. मला समजत नाहीये, तुम्ही इतक्या...”

पुढचं मी ऐकलं नाही. तासाभराची चढण माझ्या डोळ्यांसमोर आली. रोजची. 

“डॉक्टर, हे रक्त माझं नाही.”

 आसावरीने माझा हात धरला. “आई, शांत व्हा.” आणि हळू आवाजात डॉक्टरांना, “मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असं होतं ना?”

“काय म्हणाली ती?” नानांनी विचारलं.

“आई म्हणते, तिचं रक्त तिचं नाही!” अजेय त्यांच्या कानात ओरडला. नानांनी रुमाल काढून डोळे पुसले.

कर्म माझं! तीन वर्षं मी आजारी आहे म्हणत होते, तर कोणी ऐकलं नाही. आता मी आजारी नाही म्हणत होते, तर तेही कोणी ऐकेना.

“त्या खरं सांगतायत,” डॉक्टर म्हणाल्या. “पापणी गुलाबी आहे, नखं गुलाबी आहेत. त्या आत आल्या तेव्हाच मला शंका आली होती.” मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, “कोणाचं आहे हे रक्त?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शेजारच्या पेपरातल्या सिद्धान्तासकट.

“कुठे आहे ती बाई?”

“घरी असेल. मी सुट्टी दिली आहे, आराम करायला.”

अजेयने तिचा नवरा पोशा याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पोशा म्हणाला, “ती कामाव गेलीय ना. बाईंनी काडून टाकली तिला. मंग काय करील? कशेळ्याच्या फुडं फार्महाउस चाललंय, तितं रेती वाहते.”

अर्ध्या मिनिटात आम्ही गाडीत होतो.  मुरबाडच्या रस्त्याला लागल्यावर अजेय समोर बघत म्हणाला, “कसं केलंस गं हे, आई?” मी म्हटलं, “शीर सापडत नव्हती.” नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं, कानातलं यंत्र काढलं, खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला पट्टी मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

फार्महाउसच्या फाटकावर मोठी पाटी होती: ‘निवांत. थकल्या जिवांचा विसावा.’ आत दुसरा मजला चढत होता आणि फळीवरून सहा बायका रेती वर नेत होत्या. तिसरी चिंधी. डोक्यावर भरलेलं घमेलं, एक हात घमेल्याला, एक हात कमरेवर, आणि मध्यावर थांबलेली, आमच्या जिन्यात थांबायची तशीच. पण तिथे टेकायला भिंत नव्हती.

“चिंधी!” चौतीस वर्षांचा आवाज लावला मी. “खाली ठेव ते!”

सहाच्या सहा बायकांनी घमेली खाली ठेवली. मिस्तरीने थापी ठेवली. चिंधी सावकाश उतरली आणि रेतीच्या ढिगावर बसली ती बसलीच. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी वरखाली.

“बाई? मला परत ठेवायला आलात?”

“हो गं बाई, हो.”

“मंग थांबा जरा. एवडं घमेलं टाकून येते.”

माझ्यासाठी धरलेल्या खाटेवर चिंधीला निजवलं. डॉक्टर तिच्या उशाशी बसून विचारू लागल्या.

“किती दिवस दम लागतो?”

“दम नाय लागत.”

“चढताना?”

“चढताना लागतो. तो चढनीचा.”

“पाळीला रक्त जास्त जातं?”

चिंधीने अजेयकडे बघितलं. तो मुकाट्याने बाहेर गेला. “बाईमानसाला जातंच की,” ती म्हणाली.

“किती दिवस?”

“म्हयन्यात बारा. कंदी पंधरा. पिरिया झाली तवापास्नं.”

प्रिया चौदा वर्षांची आहे. डॉक्टरांचं पेन थांबलं. “आणि माती, कोळसा, खडू असलं काही खावंसं वाटतं? अंगात लोह नसलं की वाटतं कधी कधी.”

चिंधीने माझ्याकडे चोरून बघितलं. “बाईंकडचा खडू चांगला असतो,” ती म्हणाली.

दहा वर्षं! आणि मी समजत होते, वाडीवर गणित चाललंय.

पोटाची सोनोग्राफी झाली. गर्भाशयात लिंबाएवढ्या तीन गाठी. चौदा वर्षं रक्त तिथून जात होतं. तिचा रक्तगट जुळवून रक्ताची पिशवी लावायची वेळ आली तेव्हा सिस्टर केसपेपर घेऊन आली. त्यावर माझं नाव आधीच छापलेलं. “हे बदलावं लागेल,” ती म्हणाली.

चिंधी उठून बसायला लागली. “नको, नको. राहू द्या तसंच. बाईंच्या नावानं चाललंय तर चालू द्या. माज्या नावाव केलं, तर हे रगत परत न्हेतील ना?”

मी रडले. नाना, आसावरी, सिस्टर, सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडले. मग सिस्टरच्या हातातून पेन घेतलं, माझं नाव खोडलं आणि वर लिहिलं, चिंधी पोशा. आणि तिथेच हात अडला. दहा वर्षं ही माझ्या घरात वावरते आहे, आणि आडनाव मला ठाऊक नव्हतं.

“आडनाव काय गं तुझं?”

“निरगुडा,” ती म्हणाली. “तुमी कंदी इचारलं नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी पिशवी चढत होती. मी तिच्या खाटेशी खुर्ची टाकून बसले होते. चार खाटांची खोली, पंखा फिरत होता. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली ती आरडाओरड्याने. चिंधी, हातात सुई तशीच, खाटेवर ताठ बसून ओरडत होती, “वो सिस्टर! बाई गेली! श्वास थांबला बाईचा!”

आणि समोर डॉक्टर संध्या उभ्या होत्या, मनगटावरच्या घड्याळात बघत. त्यांच्यामागे दोन सिस्टर. शेजारच्या तिन्ही खाटांवरच्या बायका. आणि नाना, यंत्र कानात.

“अठ्ठावीस सेकंद,” डॉक्टर म्हणाल्या.

“काय अठ्ठावीस?”

“घोरता घोरता तुमचा श्वास बंद पडला, तो अठ्ठावीस सेकंद.”

“मी घोरत नाही.”

अख्खी खोली हसली. नानासुद्धा! एक बाळंतीण पोटावरचे टाके धरून हसली.

मग डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, जीव घाबरतो आणि मेंदू आपल्याला ढकलून उठवतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. रात्रभर हेच. पुढे घरी वायरी लावून एका रात्रीची तपासणी झाली तेव्हा आकडा कळला: तासाला बेचाळीस वेळा. म्हणजे तीन वर्षं मी आठ तास अंथरुणात होते, झोपेत नव्हते. हे रक्तात दिसत नाही. बारा काय, बाराशे रिपोर्ट काढले असते तरी नॉर्मलच आले असते.

“घरात कोणी कधी सांगितलं नाही, घोरता म्हणून?” डॉक्टरांनी नानांकडे बघत विचारलं. नानांनी यंत्राला हात लावला आणि खाली बघितलं.

“मी सांगितलं,” चिंधी म्हणाली. “दोन बारी. बाई रागावल्या.”

आता रात्री मी तोंडावर मुखवटा लावून झोपते. यंत्रातून वारा येतो आणि घसा उघडा राहतो. सोंडेसारखी नळी आहे, नाना मला गणपती म्हणतात. म्हणेनात का. पहिल्या आठवड्यातच एका सकाळी मी उठले आणि लक्षात आलं, डोकं हलकं आहे. पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, छोट्या जाहिरातींसकट. जगदीशच्या लॅबमध्ये जाऊन त्याच्या साहेबाला सांगितलं की चूक माझी, पोराला बोलू नका. साहेबही माझाच विद्यार्थी निघाला, त्यामुळे काम लवकर झालं.

चिंधीचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. ती मे महिन्यात परत आली, गालावर मांस धरून. दोनच दिवसांनी भांडी घासता घासता म्हणाली, “बाई, काल वाडीव जाताना आंब्याखाली बसायचं इसरले.”

“कुठल्या आंब्याखाली?”

“चढनीला तीन ठिकानं हायत बसायची. आंबा, मंग धोंडा, मंग बोरिंग. काल घरी पोचल्याव ध्यानात आलं, कुटंच बसले नाय.” आणि स्वतःशीच हसली. “चौदा वर्सं बसत होते. मला वाटलं, वाटच तशी हाय. सगळ्याच बाया बसतात ना.”

“सगळ्याच?”

“मंग? गर्दी असते आंब्याखाली.”

 मी आत जाऊन उगाच डबे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर चिंधीच्या मागे चार बायका. पदर डोक्यावरून, नजर जमिनीवर. एकीच्या कडेवर पोर. चिंधी एकदम ऐटीत पुढे झाली.

“ह्या आमच्या वाडीतल्या. आंब्याखाली बसनाऱ्या. मी सांगितलं, आमच्या बाईंनी मला नुसतं बगून वळखलं, आन आपलं नाव देऊन माझं रगत काडलं, म्हनून मी जगले. लई देवमानूस. आता ह्यांचं पन तुमच्या नावानं काडा, बाई. म्हंजे लवकर बगतील.”

नानांच्या कानात यंत्र होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बघत राहिले, आता ही काय सांगते म्हणून. पाच जणी वर तोंड करून माझ्याकडे बघत होत्या. मला सांगायचं होतं की अगं, मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. माझी शीर सापडत नव्हती आणि मला राग आला होता, एवढंच. जीभ रेटली नाही. पण गप्प बसून चहा प्यायची ही वेळ नव्हती, एवढं मला त्या बुधवारने शिकवलं होतं.

“चिंधी, मी काही ओळखलं नव्हतं,” मी म्हटलं. “ते नंतर सांगेन तुला, सगळं सांगेन. आधी यांना आत घे.”

मग जगदीशला फोन लावला. “सुया घेऊन ये. पाच-सहा नळ्या आण.”

 तो घाबरत घाबरत म्हणाला, “बाई... नाव कोणाचं घालायचं?”

“चिठ्ठ्या कोऱ्या आण,” मी म्हटलं. वही काढली, बायकांना खुर्च्यांवर बसवलं, जमिनीवर नाही, आणि पहिलीला विचारलं, “आडनाव काय गं तुझं?”